कुलूपबंद वाडीभोवती पंधरा फेऱ्या

देवगाव फाट्याला लोक उतरतात ते गाडी बदलायला. चहा पितात आणि सेलूला नाहीतर जिंतूरकडे निघून जातात. मी तिथून पाच-सहा किलोमीटर आत, माळावर तीन दिवस राहून आले. तिथे देऊळ नाही, नदी नाही, मुद्दाम जाऊन बघावं असं काही नाही. तुम्ही जाणार नाही, म्हणून मी पाहिलं ते सांगते.

जायचं कारण माझी नात वैशाली. वय सव्वीस. परभणीला मोटारीचं शिक्षण केलं, मग चार वर्षं पुण्यात एका गॅरेजात शर्यतीच्या गाड्यांवर काम केलं. आता तिला इकडे स्वतःचं गॅरेज पाहिजे होतं. फाट्याजवळ नितीनशेठ म्हणून एकाची कापसाची जिनिंग आहे. त्याच्याकडे एक दांडगी गाडी आहे, आणि ती पळवायला त्याने माळावर गोल डांबरी रस्ता करून घेतला आहे. गाडी चार फेऱ्या नीट पळायची आणि मग तापून दम टाकायची. शेठची फाट्यावर एक पत्र्याची शेड रिकामी होती. तो वैशालीला म्हणाला, तीन दिवस घे, गाडी भर दुपारी पंधरा फेऱ्या सलग पळव. पळाली तर शेड तुला गॅरेजला देतो, माझ्या आणि माझ्या दोस्तांच्या सगळ्या गाड्या तुझ्याकडे. नाही पळाली तर चौथ्या दिवशी गाडी पुण्याला पाठवतो.

पोरीचं लग्न व्हायचंय, परक्याच्या माळावर तीन दिवस एकटी कशी राहील, म्हणून माझ्या मुलाने मला सोबत दिलं. राखणीला बहात्तर वर्षांची बाई. मला हसू आलं, पण गेले. घरी सोनपेठेत माझ्यावाचून काही अडत नव्हतं.

पहिला दिवस

शेठ आम्हाला फाट्यावर घ्यायला आला. तिशीचा असेल. बोलायला बरा, पण बोलताना नजर मोबाईलवर. जिनिंगच्या मागे पाहुण्यांची खोली होती, तिथे उतरलो. खोलीच्या पायरीवरून सगळा माळ दिसतो. आमची सोनपेठची जमीन काळी, गंगेकाठची; गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. इथे मुरूम, खडक आणि बाभळी. होळी जवळ आली होती तरी फरदडीचा, म्हणजे दुसऱ्या बहराचा कापूस येत होता, जिनिंग चालू होती. यंत्रातून उडालेली रुई वाऱ्यावर माळभर जायची आणि बाभळीच्या काट्यांना अडकायची. लांबून बाभळी पिकलेल्या डोक्यांसारख्या दिसत होत्या.

डांबरी रस्ता माळाला वळसा घालतो आणि त्या वळशाच्या पोटात एक वाडी आहे. चाळीसेक घरं. शेठच्या वडिलांनी भोवतालची जमीन घेतली, वाडीने गावठाण सोडलं नाही, म्हणून रस्ता वाडीला वेढून गेला. वाडीची पायवाट मागच्या वळणावर हा रस्ता ओलांडून आत जाते.

चहाला दूध मिळेल म्हणून मी तांब्या घेऊन वाडीत गेले. सकाळचे दहा वाजले असतील. प्रत्येक दारापुढे सडा टाकलेला, अजून ओला होता. सड्यावर चार-चार ठिपक्यांची रांगोळी. मी एका दारापुढे थांबून हाक मारणार तेवढ्यात कुलूप दिसलं. कुलपावर बाभळीची फांदी आडवी लावलेली. शेजारच्या दाराला कुलूप. त्याच्या शेजारी कुलूप. पंधरा-सोळा घरं ओलांडली, सगळीकडे ताजा सडा आणि सगळीकडे कुलूप. कुठे धूर नाही, कोंबडी नाही, कुत्रंसुद्धा नाही.

मग पुढच्या बोळातून आवाज आला. "शांते, ए शांते, उठलीस का गं? लेकराचं अंग कसं हाय आता?"

माझ्याच वयाची एक बाई, हातात बादली, बंद दारासमोर उभी होती. उत्तर यायला जेवढा वेळ लागतो तेवढी थांबली. मग "बरं, बरं" म्हणाली आणि पुढच्या दाराकडे निघाली.

"कोणाला बोलायलीस?" मी विचारलं.

"घरवालीला."

"कुलूप हाय की."

"कुलूप दाराला हाय. मी दाराला कुठं बोलायले?"

तिचं नाव गयाबाई. वाडीतली माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, लेकराबाळांसकट, जनावरांसकट. हिचे गुडघे गेल्यापासून ही मागे राहते. निघताना प्रत्येक घर हिला सांगून जातं की रोज सडा टाक आणि हाक मार. रोज हाक मारली नाही तर घर माणसाला विसरतं, असं ती म्हणाली. आमच्याकडूनही लोक तोडीला जातात. आम्ही कुलूप लावतो आणि शेजाऱ्याला म्हणतो लक्ष ठेव. कुलपाशी कोणी गप्पा मारत नाही. मी तिला तसं सांगितलं.

"मग तुमच्याकडं परत आलेल्या माणसाला घर आपलं वाटतंय का?" तिने विचारलं.

मी तांब्या पुढे केला. तिने आपल्यापुरत्या ठेवलेल्या शेळीचं दूध दिलं, ते घेऊन आले.

दुपारी वैशालीने गाडी बाहेर काढली. तिने मला जसं समजावलं तसंच सांगते. या गाडीच्या इंजिनाला एक भाता जोडलेला असतो, लोहाराचा असतो तसा. त्याला सुपरचार्जर म्हणतात. तो इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो आणि इंजिनात हवा कोंबतो. हवा जास्त तर जोर जास्त. पण कोंबलेली हवा तापते. सायकलीत हवा भरताना पंप हाताला गरम लागतो, तसंच. तापलेली हवा आत गेली की इंजिन ठोकायला लागतं आणि फुटूही शकतं. म्हणून गाडीतला कॉम्प्युटर आपणहून जोर कमी करतो. शेठ म्हणायचा तो दम टाकणं ते हेच. ही हवा गार करायला वेगळं पाणी असतं, त्याची वेगळी छोटी टाकी, छोटा पंप आणि गाडीच्या तोंडाशी एक पातळ जाळी. तिच्या मागे इंजिनाच्या रेडिएटरची मोठी जाळी. दोन्हींच्या मध्ये दोन बोटं जागा. समोरचा वारा आधी पातळ जाळीतून जातो, मग मोठीतून.

गाडीपेक्षा तिचा आवाज मला जास्त लक्षात राहिला. इंजिनाचा आवाज खाली घुमतो आणि त्याच्यावर भात्याचा बारीक आवाज चढत जातो. बाईने दात आवळून रडावं तसा. गाडी वाडीच्या मागे गेली की तो आवाज एकदम तुटायचा, कापल्यासारखा. मी मनात मोजायची. दहा झाले की गाडी दुसऱ्या अंगाने बाहेर यायची आणि आवाज परत सुरू व्हायचा. ती दहा मोजेपर्यंत माळावर काहीच ऐकू यायचं नाही, जिनिंगसुद्धा. असं का, ते शेठला विचारलं. तो म्हणाला, त्याने कधी लक्ष दिलं नाही.

पाचव्या फेरीला गाडीने दम टाकला. वैशालीने जाळीच्या दोन्ही बाजूंच्या फटी स्पंज कोंबून बुजवल्या, म्हणजे वारा कडेने पळून न जाता जाळीतूनच जाईल. फाट्यावरच्या रसवंतीतून बर्फ आणून त्या छोट्या टाकीत टाकला. गाडी सात फेऱ्या गेली.

तेव्हा मी तोंड उघडलं. "कूलरच्या वाळ्यावर पाणी सोडतो तसं हिच्या जाळीवर मारा की. गाडी थांबली की मारायचं."

वैशालीने मारून बघितलं. गाडी नऊ फेऱ्या गेली.

"आजी, हे पुण्यावाल्याला न्हाई सुचलं," शेठ म्हणाला. त्या वेळी त्याने मोबाईलवरून नजर काढली. मला बरं वाटलं.

रात्री जिनिंगच्या स्वयंपाकीणबाईने येसराची, भाजक्या धान्याच्या पिठाची आमटी केली होती. आमच्यापेक्षा तिखट, पण खडा मसाला भाजलेला चांगला होता. दोन भाकरी खाल्ल्या.

दुसरा दिवस

सकाळपासून पाणी मारणं चालू होतं. पहिल्या वेळी गाडी सहा फेऱ्या गेली. म्हणून पाणी जास्त मारलं. चार गेली. शेठने जिनिंगचा पाइपच ओढून आणला. गाडी दोन फेऱ्या गेली आणि आता इंजिनाचा काटाही चढायला लागला, जो आदल्या दिवशी जागचा हलला नव्हता. जेवढी गार करावी तेवढी गाडी तापत होती. वैशालीने पंप तपासला, पट्टा तपासला, बर्फ बदलला. सगळं ठीक होतं.

गयाबाई वाडीच्या टोकाला दगडावर येऊन बसली होती. गाडी तिच्या समोरून गेली की ती म्हणायची, "दमली." आणि पुढच्या वळणावर गाडी खरंच सुस्त व्हायची. तीन वेळा असं झालं. चौथ्या वेळी वैशाली गाडी थांबवून खाली उतरली.

"मावशी, तुमाला कसं कळायलंय? मला आत आकडा दिसायच्या आधी?"

"आवाज ऐकायले. ती हाक मारायलीया आन् कोणी ओ देईना."

शेठचा चेहरा उतरला. माझ्याजवळ येऊन हळू बोलला. "आजी, वडील म्हणायचे, या वाडीभोवती काही करू नको. मी म्हणलं म्हातारा भितोय."

"तुझा बाप इथं गाडी पळवायचा का?"

"न्हाई."

"मग त्याला काय माहीत," मी म्हणाले. पण माझ्याही अंगावर काटा होता, तो लपवून काय करू.

गाडीचं झाकण उघडून ठेवलं होतं, इंजिन चालूच होतं. तापलेलं इंजिन एकदम बंद करायचं नाही, आतलं पाणी फिरायचं थांबतं आणि ताप जागीच बसतो, असं वैशालीने सांगितलं होतं. जाळ्यांच्या मागचा पंखा जोरात फिरत होता. मी घाम पुसायला म्हणून गाडीच्या तोंडासमोर वाकले, पदर जाळीसमोर लोंबत राहिला. लोंबतच राहिला. घरच्या कूलरला मागून कागद लावला तर तो चिकटून बसतो. इथे एवढा पंखा ओढतोय आणि पदर हलेना.

"वैशाली, हिच्यात वारा जाईना."

"जाळी साफ हाय आजी. मी बॅटरी लावून बघितली."

"पुढची बघितलीस. मधल्या जागेत बघितलं का?"

तिने चार बोल्ट काढले आणि पातळ जाळी पुढे कलती केली. मागे सगळं पांढरं होतं. बाजूच्या फटी तिने बुजवल्या होत्या, खालची राहिली होती. तिथून उडती रुई आत ओढली गेली, आम्ही पाणी मारलं तशी चिकटली, तापून वाळली, परत पाणी, परत रुई. रजईत घालायचा थर असतो तसा थर मोठ्या जाळीवर बसला होता. वैशालीने कोपऱ्याला धरून ओढला तर एका तुकड्यात सुटून आला. जाळीच्या रेघा त्याच्यावर उमटल्या होत्या आणि पंख्याने ओढलेल्या जागी खोलगट झाला होता, कोणी डोकं टेकवून उठल्यासारखा.

चूक माझी होती. पाणी मारा म्हणून मीच सांगितलं. वैशाली म्हणाली, खालची फट तिची. शेठने पाइप उचलला आणि गुंडाळायला लागला.

गयाबाई कधी उठून आली ते कळलं नाही. "टाकू नका ते," म्हणाली. "उशीला हुईल."

"तुझ्या?"

"माझ्या कशाला? येणाऱ्याच्या." थर अजून ऊन होता. तिने तो अंगाशी धरला आणि वाडीत गेली.

तिसरा दिवस

सकाळी वैशालीने दोन्ही जाळ्या हवेच्या नळीने मागून पुढे साफ केल्या, कोरड्या केल्या. खालच्या फटीला पण स्पंज लावला. पाणी बंद. टाकीत बर्फ. दुपारी बारा वाजता शेठ म्हणाला, कर सुरू.

आम्ही दोघं सुरुवातीच्या जागी बाजेवर बसलो. वैशालीने फोन लावून ठेवला होता, प्रत्येक फेरीला ती कोंबलेल्या हवेच्या तापाचा आकडा ओरडून सांगायची. आकडा साठाच्या खाली राहिला पाहिजे, सत्तरला गाडी दम टाकते, एवढं मला पाठ झालं होतं. पहिल्या फेरीला सेहेचाळीस. पाचव्या फेरीला बावन्न. आठव्याला चोपन्न. दहाव्यालाही चोपन्न. शेठ उठून उभा राहिला. मी नेहमीसारखी दहा मोजत होते, आवाज तुटायचा, आवाज यायचा.

बाराव्या फेरीला मी दहा मोजले. वीस मोजले. चाळीस मोजले. फोनमधून काही येईना.

रस्त्याने गेलो असतो तर लांब पडलं असतं, म्हणून वाडीतून गेलो. शेठ पुढे पळत होता. दोन्हीकडे कुलपं, दारापुढे सकाळचा सडा वाळलेला. माझ्या चपलांचा आवाज बोळात माझ्या मागून येत होता.

मागच्या वळणावर गाडी उभी होती. इंजिन चालू होतं. मागे डांबरावर टायरच्या दोन काळ्या रेघा. वैशाली आत बसली होती, हात स्टीअरिंगच्या चक्रावर.

शेठने आधी आकडा बघितला. "छप्पन्न. गाडी ठीक हाय. मग थांबलीस कशाला?"

"माणसं होती. एक बाई, डोक्यावर बोचकं. तिच्या बोटाला लहान पोरगी. मधोमध."

"कुठायत?"

तिने हाताने पायवाट दाखवली. पायवाट रिकामी होती. दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढं गवत, लपायला जागा नाही. उन्हाच्या झळा तेवढ्या नाचत होत्या.

"तोडीवाले एवढ्यात कुठं येतेत," शेठ म्हणाला.

"कारखाना बंद व्हायला लागलाय," गयाबाई म्हणाली. आज ती इथे, पायवाटेजवळच्या दगडावर बसली होती. "पहिल्यांदा जीव येऊन जातोय घराकडं. मागून माणसं येतेत ट्रॅक्टरनं. दर साली असंच हाय."

मी सरळ विचारलं. "मेलेली का?"

"थू! काहीबी बोलू नको. जित्ती हायत. ओढ लागली की येतेत."

शेठने घाम पुसला. "अकरा झाल्या. थांबली म्हणजे सलग न्हाई. पण गाडी तापून थांबली न्हाई, म्हणून एक सूट देतो. राहिलेल्या चार आत्ताच्या आत्ता मार. गाडी गार होऊ द्यायची न्हाई."

"मी न्हाई मारत," वैशाली म्हणाली. "इथनं माणसं ओलांडायलेत."

"कोण? मला तर दिसंना!"

"मला दिसलं. ब्रेक मारला न्हाई तर अंगावर गेली असती गाडी."

तिला भित्री कोणी म्हणू नये. लहानपणी विहिरीत उडी मारून बहिणीला काढलेली पोरगी आहे. उभ्या गाडीला समोरचा वारा नसतो. हे दोघं भांडत होते आणि आकडा चढत होता. अठ्ठावन्न. एकोणसाठ. ही चार वर्षांची मेहनत आणि ती शेड, सगळं तिथे उभ्या उभ्या तापत होतं.

"तू चालव," मी म्हणाले. "मी पायवाटंवर उभी राहते. कोणी आलं तर अडवते."

"आजी, तुला दिसलं न्हाई तर?"

"दिसू दे न्हाईतर न दिसू दे. हात आडवा धरते. तू रस्त्याकडं बघ. माझ्याकडं बघायचं न्हाई."

तिने गिअर टाकला. मग गाडी निघाली.

मी रस्त्यापासून दहा पावलं बाहेर, माळाच्या अंगाला, रस्त्याकडे पाठ करून उभी राहिले. पायवाटेवर उजवा हात आडवा धरला. शेठ सुरुवातीच्या जागी परत गेला होता, गयाबाई दगडावर बसून होती. समोर पायवाट लांब माळावर जाऊन झळांमध्ये संपत होती. तिकडून भात्याचा आवाज येत नव्हता, मागून येत होता. पहिल्या वेळी गाडी पाठीमागून गेली तेव्हा खडे येऊन पोटऱ्यांना लागले. दुसऱ्या वेळी पदर डोक्यावरून उडाला, मी तो सावरला नाही, कारण हात खाली घ्यायचा नव्हता. तिसऱ्या वेळी खांदा दुखायला लागला. वाटेवर कोणी नव्हतं.

चौथी फेरी. आवाज वाडीच्या पलीकडून चढत आला. तेव्हा माझ्या हाताला, कोपराच्या खाली, काहीतरी येऊन टेकलं. दमून आलेलं लेकरू आईच्या मांडीला कपाळ टेकतं तेवढं वजन. ऊन होतं आणि घामाने ओलं. मी खाली बघितलं. माझा हात होता, हाताखाली पायवाट होती, आणखी काही नव्हतं. वजन मात्र होतं. मी हात ताठ धरला. मला भीती वाटली ती एवढीच, की ते हाताखालून निसटून पुढे पळेल. पळालं नाही. थांबून राहिलं. गाडी पाठीमागून गेली, वारा आला, रुई उडाली, आवाज लांब जाऊन पलीकडे पोचला.

"जा आता," मी म्हणाले.

हात हलका झाला. तो संध्याकाळपर्यंत वर उचलता आला नाही.

पंधराव्या फेरीचा आकडा सत्तावन्न होता. वैशालीने आणखी दोन फेऱ्या सावकाश मारल्या, गाडी निवायला, मग झाकण उघडून इंजिन थोडा वेळ तसंच चालू ठेवलं आणि नंतर बंद केलं. शेठने शेडची किल्ली खिशातून काढून तिला दिली. मी त्याला सांगितलं, आधी त्या पायवाटेवर दोन्हीकडून फाटक कर आणि गाडी पळताना तिथे माणूस उभा ठेव. तो म्हणाला, वाडीत तर कोणी नसतं आजी. मी म्हणाले, फाटक कर. त्याने ते केलं आहे.

फाट्यावर एसटीची वाट बघत होतो तेव्हा वैशालीने विचारलं, "आजी, खरं सांग. कोणी आलं होतं का?"

तिला आता त्याच वळणावरून रोज गाड्या काढायच्या आहेत.

"न्हाई," मी म्हणाले. "वाट रिकामी होती."